प्रार्थनेचा विषय

नाशिकला सिडकोतल्या आमच्या गल्लीत फेब्रुवारी संपत आला की सकाळी उठल्या उठल्या गव्हाच्या चिकाचा वास येतो. आंबूस, कोमट, आधी नाक वाकडं करायला लावणारा आणि मग भूक लावणारा. तीन दिवस भिजलेले गहू वाटून, गाळून त्यांचं पांढरं पाणी निवळत ठेवलेलं असतं. कुणाच्या तरी घरी पातेल्यात तो चीक रटरटायला लागला, की आज कुरडया कुणाच्या गच्चीवर आहेत हे बायकांना विचारावं लागत नाही. ज्या त्या आपला सोऱ्या घेऊन निघतात. कोपऱ्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागलेल्या असतात. बारावीची मुलं ओठ हलवत गल्लीत येरझाऱ्या घालतात. आणि आमच्या चर्चच्या मंडळीत लेंत सुरू झालेला असतो, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे उपास.

हे सगळं दरवर्षी एकदमच येतं आणि मला ते आवडायचं. यंदाही चिकाचा वास आला तेव्हा मी शिवणयंत्रावर बसले होते. उठले आणि खिडकी लावून घेतली. खिडकी लावून वास थांबत नाही हे काय मला ठाऊक नव्हतं, पण माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही.

मी ब्लाउज शिवते. वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी वाचायची गोडी लावली. आईनं सुई हातात दिली. पोट सुईवर चाललं. हे गेल्यापासून घरात मी आणि यंत्र, मुलगा पुण्याला असतो. आमची घरं रो-हाउसची, दोन घरांना मिळून एक भिंत. त्या भिंतीच्या पलीकडे मंगल राहायची.

मंगल सिन्नरकडची. नवरा अंबडला कंपनीत, मुलगी ऋतुजा. राहायला आली त्या आठवड्यातच तिनं दारात उभं राहून माझी चौकशी केली होती. आमच्या भिंतीवरचा क्रूस तिनं पाहिला होता.

"ताई, तुमच्यात काय काय चालतं अन् काय नाय, ते एकदा सांगून ठेवा. नायतर मी काहीतरी आणून देईन अन् तुमची पंचाईत."

मी म्हटलं, सगळं चालतं. फक्त आरतीचं ताट ओवाळू नकोस आणि कपाळाला काही लावू नकोस. बाकी तुझी पुरणपोळी बिनदिक्कत आण.

तिनं विचार केला. "म्हंजे आमच्यासारखंच. फक्त देव एकच हाय. सोपं पडत असंल."

सोपं पडतं की नाही हे मला तिला कधीच नीट सांगता आलं नाही. पण त्या दिवसापासून भिंतीच्या इकडून तिकडे ताटं फिरायला लागली. दिवाळीला तिच्याकडून चकल्या, नाताळला माझ्याकडून करंज्या आणि केक. होळीला पोळी, आणि मध्येच कधी नुसतीच वाटीभर मटकीची उसळ. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. मंगलला साखर घालून द्यायला आवडायचं नाही. ती भांडं चार दिवस ठेवून घ्यायची आणि मग काहीतरी खमंग करूनच आणायची.

लेंतात मी चहा सोडते. चाळीस दिवस चहा नाही. ऐकायला हे काहीच नाही, पण सकाळी दहा वाजता यंत्रावर डोकं ठणकायला लागलं की कळतं. पहिल्या वर्षी मंगलला हे समजलं तेव्हा ती पोट धरून हसली. "तुमचा देव चहा सोडायला लावतो, अन् आमचा उपासाला साबुदाणा, रताळी, शेंगदाणे, सगळं खाऊ घालतो. ताई, तुम्ही फसलात." हसून झाल्यावर घरी गेली. दोनचार दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की दहा वाजता भिंतीपलीकडून येणारा आल्याच्या चहाचा वास बंद झालाय. ती तो चहा आता साडेसहालाच उरकून घेत होती. मला बोलली नाही. मीही विचारलं नाही.

येशूला ती 'तुमच्यावाला' म्हणायची. नाव घ्यायला बिचकायची म्हणून नव्हे. नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार होता. ऋतुजा सातवीत असताना तिला डेंग्यू झाला. ताप उतरेना तेव्हा मंगल माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, आमच्या सगळ्यांना सांगून झालं. आता तुमच्यावाल्याला बी सांगा." मी त्या पोरीच्या उशाशी बसून मोठ्यानं प्रार्थना केली. मंगल डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. आमेन म्हटल्यावर तिनं विचारलं, "झालं? येवढंच? काय वाहायचं नाय?" काही नाही, मी म्हटलं. तिला ते पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या क्रूसासमोर ठेवायला दोन मोसंबी घेऊन आली. ती आम्ही दोघींनी खाल्ली.

पोरगी बरी झाली. सलाइननं झाली असेल, वेळ आली म्हणून झाली असेल. मी काही बोलले नाही. पण मनात काय होतं ते आज लिहायलाच हवं.

आमचे पाळकसाहेब एकदा उपदेशात म्हणाले होते, देवाची ओळख करून द्यायला लांब कशाला जाता, भिंतीपलीकडे कोण राहतं ते बघा. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लगेच मंगल आली. आजकाल हे बोलणंही नाजूक झालंय. तुमच्यासाठी प्रार्थना करू का, एवढं विचारलं तरी समोरच्याची नजर बदलते, आणि त्या नजरेची मला भीती वाटते. म्हणून मी तिला कधी पुस्तक दिलं नाही, चर्चला चल म्हटलं नाही. एका नाताळच्या कार्यक्रमाला ती आपणहून आली, ऋतुजाला घेऊन, जरीची साडी नेसून. बस. माझं वागणं बघून तिला कळेल, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यात थोडी भीती होती, थोडा आळस आणि बराचसा गर्व. मी चांगली वागते आहे आणि कुणीतरी ते बघतंय, ह्याची मला चटक लागली होती.

मग ते वर्ष आलं.

ऋतुजा बारावीला होती, सायन्स. भिंतीपलीकडून मायलेकींची भांडणं सकाळपासून ऐकू यायची. दूध गरम का केलं नाहीस, माझी पॅड कुठे ठेवलीस, तू मला सारखी उठवू नकोस, तू मला उठवलं का नाहीस. मंगलही काही कमी नव्हती, एकाला दोन द्यायची. मी हसत हसत पायडल मारायची. जिवंत घर असंच असतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मंगल ब्लाउजपीस घेऊन आली. मामेभावाच्या लग्नासाठी, मोरपिशी रंगाचं. मी टेप गळ्यात अडकवून उठले. तिनं मापाला हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

"ताई, डाव्या बाजूला जरा सैल ठेवा."

"का गं, लागतंय का काही?"

माझा हात धरून तिनं तो काखेच्या खाली नेला. सुपारीएवढं, कडक काहीतरी होतं. ब्लाउज शिवणारीच्या हातांना माणसांची अंगं ओळखू येतात. माझा हात तिथून निघेना.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "दुखत नाय म्हणून सोडून दिलं व्हतं."

दोघी मिळून दवाखान्यात गेलो. घरी सांगितलं, ब्लाउजला अस्तर आणायला मेन रोडला जातोय. तपासणी झाली, गाठीचा तुकडा काढला, आठवड्यानं पुन्हा गेलो. डॉक्टर भले होते. त्यांनी वेळ घेऊन समजावलं. ऑपरेशन लवकर करायला हवं म्हणाले. मंगलनं पर्समधून ऋतुजाच्या परीक्षेचं वेळापत्रक काढलं. मोबाइलवरचं होतं ते तिनं वहीच्या कागदावर उतरवून घेतलं होतं. शेवटच्या पेपरवर बोट ठेवून म्हणाली, ह्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख द्या. डॉक्टरांनी कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि शेवटच्या पेपरच्याच आठवड्यातली तारीख लिहून दिली.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "ताई, कुणाला बोलायचं नाय. ह्यांना बी नाय. ह्यांचं तोंड बघूनच पोरीला कळंल. तिचे पेपर होऊ द्या."

मी म्हटलं, नाही बोलणार.

"फक्त तुमच्यावाल्याला सांगा. त्याला सांगितलं तर चालंल."

हे वाक्य मी गेली किती वर्षं उलटंसुलटं करून बघते आहे. तिनं मला परवानगी दिली होती. किती लहान परवानगी होती ती, आणि मी तिचा केवढा पसारा केला.

आमच्या बायकांची गुरुवारी दुपारी प्रार्थनासभा असते. गाणं होतं, वचन वाचतात आणि मग एस्तेरबाई वही उघडून विचारतात, "चला, विषय द्या." विषय म्हणजे प्रार्थनेचा विषय. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाच्या घरात बोलचाल बंद. एकेक जण विषय देते, एस्तेरबाई तो लिहून घेतात आणि आम्ही डोळे मिटतो. परक्याला हे विचित्र वाटेल. आम्हाला नाही वाटत. आम्ही लहानपणापासून विषय देत आणि घेत आलो आहोत. देवाला एकटीनं सांगितलं तर तो ऐकतोच, पण सगळ्यांनी मिळून सांगितलं तर जरा जास्त लक्ष देतो, असं आम्हाला आतून कुठेतरी वाटत असतं.

त्या गुरुवारी मी विषय दिला. नाव घेतलं नाही. 'माझी एक शेजारीण' म्हटलं. छातीत गाठ आहे, मुलीची बारावी आहे, घरात कुणाला माहीत नाही, असं सगळं सांगितलं. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. दहा दिवस एकटीनं उचललेलं ओझं चौदा जणींनी हात लावून खाली ठेवलं होतं. आणि त्याहून वाईट कबूल करायचं, तर मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की ही बरी झाली तर तिला दिसेल. मग ती 'तुमच्यावाला' म्हणणार नाही.

नाव घेतलं नाही म्हणून मी निर्धास्त होते. माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण कोण, हे नाताळच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

फिजिक्सचा पेपर झाला त्या दुपारी ऋतुजा कोपऱ्यावरच्या गाडीवर द्राक्षं घेत उभी होती. एस्तेरबाई तिथून चालल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्या साडीतल्या, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणाऱ्या बाई. त्यांनी पोरीला ओळखलं, तिचा हात हातात घेतला. संध्याकाळी त्यांनीच मला फोन करून सांगितलं, आनंदानं. "तुझ्या मंगलची मुलगी भेटली गं. किती वाळलीय बिचारी. मी तिला म्हटलं, बाळा, घाबरू नकोस, तुझ्या आईच्या गाठीसाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करतोय."

मी फोन धरून उभी राहिले. त्यांना म्हणायला हवं होतं, बाई, घरात कुणाला माहीत नाही असं मी सांगितलं होतं. पण त्यांच्या लक्षात राहिलं होतं ते दुःख. त्या दुःखावर त्यांनी फुंकर घातली होती. भिंतीपलीकडे त्या संध्याकाळी अजिबात आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराबाहेरच्या ओट्यावर माझा स्टीलचा डबा होता. आठवड्यापूर्वी मी त्यातून तिला नारळाच्या वड्या दिल्या होत्या. डबा घासून, पुसून, लख्ख करून ठेवला होता. उघडला. आत साखरेचा कणही नव्हता.

मी लगेच गेले नाही. धीर झाला नाही. तीन दिवसांनी तिच्याकडे कुरडया होत्या. गहू आधीच भिजत घातलेले, आंबून फुकट गेले असते. दरवर्षी तिच्या कुरडयांना मी सोऱ्या धरायची. त्या सकाळी चिकाचा वास आला आणि कुणी हाक मारली नाही. मी न बोलावताच जिना चढले. गच्चीवर ती एकटी होती. जुन्या साडीवर एकेक कुरडई घालत, डावा हात जपत, उजव्यानं सोऱ्याची मूठ फिरवत. मी तिच्या हातातून सोऱ्या घ्यायला गेले. तिनं दिला नाही.

"मंगल, माझं चुकलं."

ती कुरडईचं वेटोळं पुरं होईपर्यंत थांबली.

"तिथं काय म्हणतात त्याला? पोरगी सांगत व्हती. तुमच्या चर्चमधल्या कुणाला तरी मोबाइलवर विचारलं तिनं. विषय?"

"हो."

"मी विषय हाय व्हय तुमचा?"

शाळेत विषय असतात, भांडणात विषय निघतो, लोकांना चघळायला विषय लागतो. मी जन्मभर तो शब्द वापरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मी म्हटलं व्हतं तुमच्यावाल्याला सांगा. त्याला सांगितलं की साऱ्या सिडकोला कळतं, हे मला काय माहीत."

"तुझ्यासाठीच गं. तुला बरं वाटावं म्हणूनच..."

"मला माहीत हाय. तुम्ही वाईट नाय." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोसलं असतं. "ताई, पेपराचं काय नाय हो. पेपर देती ती, पास बी होईल. पण ती आता माझ्याशी भांडत नाय. सकाळी उठून मलाच चहा करून देते. काल दूध उतू गेलं माझ्याकडून, तर म्हणे असू दे आई. असू दे म्हणे. मला तेवढे पंधरा दिवस पाहिजे व्हते. तिनं माझ्यावर खेकसावं, मी तिच्यावर खेकसावं. पुढं दवाखान्यातच जायचं हाय सगळं. तेवढे पंधरा दिवस तुम्ही वाटून टाकले."

उन्हं वर आली होती. पहिल्या कुरडया कडेनं सुकायला लागल्या होत्या. मी जिना उतरले.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. मग किमो. तिचा नवरा तिला स्कूटरवरून न्यायचा, आणायचा. मी दारातून बघायची. दिसले तर ती "ताई, बऱ्या आहात ना?" विचारायची. कधी चुकली नाही विचारायला. गल्लीतल्या कुणालाही ती असंच विचारायची. मी पेज पाठवली तर ऋतुजा घ्यायची, "थँक यू मावशी" म्हणायची आणि संध्याकाळी डबा परत, स्वच्छ, रिकामा. ऋतुजा पास झाली, बऱ्या मार्कांनी. बी.एस्सी.ला लागली. भिंतीपलीकडून आता तिचा आवाज फारच मऊ यायचा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं इतकं शहाणं असू नये. तिच्या त्या 'हो आई'नं माझं काळीज तुटायचं.

एस्तेरबाईंना मी आजवर काही सांगितलेलं नाही. त्या आता ऐंशीला टेकल्यात. परवाच त्यांनी विचारलं, "तुझी ती शेजारीण, तिच्या मुलीचं बरं चाललंय ना?" मी हो म्हटलं. एका चांगल्या बाईच्या चांगल्या वाक्यानं काय झालं, हे त्यांना सांगून मला काय मिळणार? एवढं तरी माझ्या पोटात राहू दे. पोटात ठेवायला मी उशिरानं शिकले.

त्या वर्षीच्या थंडीत, पौषात, मंगलचा नवरा दुपारी माझ्या दारात आला. नाशिकची ती हाडात शिरणारी थंडी, दुपारी दोनलाही अंगात स्वेटर. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. म्हणजे काय ते मला कळलं.

"ताई, ती बोलावतीये तुम्हाला," तो म्हणाला. "दुपारी घरी कुणी नसतं. मला ड्युटी, पोरीचं कॉलेज. तिला म्हटलं गावाकडून कुणाला आणू का, तर म्हणे शेजारच्या ताईंना विचारा."

मी हातातलं काम तसंच घेऊन गेले. ती पलंगावर, दोन गोधड्यांखाली. इतकी लहान झाली होती, की मी शिवलेला कोणताही ब्लाउज तिला ढगळ झाला असता. मला बघून हसली. खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा. पण एक हाय. तुमच्यावाल्याला काय बी सांगायचं नाय. तोंडानं नाय, मनात बी नाय. नुसतं बसायचं. शपथ घ्या."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, मंगल."

"मग शब्द द्या."

मी शब्द दिला.

अकरा दुपारी मी तिथे बसले. ज्यांना प्रार्थनेची सवय नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. प्रार्थना करायला मला बसावं लागत नाही, ती उचकीसारखी येते. तिनं कूस बदलली आणि कण्हली की माझ्या मनात 'प्रभू' उमटायचं आणि मी ते तिथल्या तिथे दाबायची. मी सोबत लोकांचे ब्लाउज नेत होते, हुकं लावायला. एका ब्लाउजला सात हुकं आणि ती अडकवायला दोऱ्याची सात आळी. मन त्या टाक्यांत घालायची. टाका, फिरवून गाठ, दोरा तोड. पुन्हा. तिला तहान लागली की चमच्यानं पाणी द्यायची. पाय चेपायची. ती कधी माहेरच्या विहिरीचं बोलायची, कधी ऋतुजाच्या बारशाचं. झालेल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मीही काढला नाही. एकदा झोपेत तिनं माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेव्हा मनात यायला लागलं ते परतवताना माझ्या कपाळावर घाम आला. पौषातल्या थंडीत. पण मी शब्द मोडला नाही. ह्या वेळी तरी तिची गोष्ट तिच्याच घरात ठेवायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

अकराव्या दुपारी ती जरा हुशार वाटत होती. उशीला टेकून बसली. माझ्या हातातल्या हिरव्या ब्लाउजकडे बघत होती.

"ताई, इतक्या दिवसांत मनात काय म्हणाल्या का? त्याला?"

"नाही."

"एकदा बी नाय?"

"नाही गं. तुला शब्द दिला होता ना."

खरं सांगते, ते सांगताना मला अभिमान वाटला. मला वाटलं, आता ही मला क्षमा करेल. तिनं माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि खाली सरकून भिंतीकडे तोंड केलं. आमच्या दोघींच्या त्या भिंतीकडे.

त्या 'बरं'मध्ये काय होतं? मी विश्वासाला जागले ह्याचं समाधान होतं, की मी एकदा तरी चुकून, चोरून, तिच्या नकळत तिच्यासाठी काही मागितलं असेल अशी तिला आशा होती? हे विचारायला ती राहिली नाही. पहाटे ती गेली. सकाळी ऋतुजानं दार वाजवलं आणि "मावशी, आई" एवढंच म्हणाली.

लोक मला म्हणतात, तुम्ही शेवटी किती केलंत तिच्यासाठी. पाळकसाहेबही म्हणाले, तुम्ही तिच्यापाशी होतात, तिच्यासाठी प्रार्थना करत होतात, मोठी गोष्ट आहे. मी मान हलवली.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. जे काही मागायचं ते माणसाचा श्वास चालू असताना मागायचं, नंतर सगळं देवाच्या हाती. ते अकरा दिवस मंगलचा श्वास चालू होता. मी तिच्या उशाशी होते. आणि मी तिच्यासाठी काहीच मागितलं नाही.